एका शहराच्या विधानसभा निवडणुकीने ठरलेला राष्ट्राध्यक्ष : न्यूयॉर्क, १८००

नदीकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर इथे दर चार वर्षांनी धागे निघतात, राज्यांच्या विधिमंडळांबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. त्या देशाची पहिली तीस-चाळीस वर्षं वाचायला घेतली की लक्षात येतं, सत्तेच्या किल्ल्या तिथेच होत्या. देशाच्या सिनेटच्या सदस्यांना राज्यांचे आमदार निवडून द्यायचे. ते काम सगळीकडे जनतेकडे आलं १९१३ मध्ये, सतराव्या घटनादुरुस्तीने. काँग्रेसचे (म्हणजे तिथल्या संसदेचे) मतदारसंघ आमदारच आखायचे. राष्ट्राध्यक्ष ज्यांच्या मतांवर ठरतो ते इलेक्टर कसे निवडायचे, हेही विधिमंडळच ठरवायचं. १८०० साली १६ राज्यं होती. त्यांतल्या फक्त ५ राज्यांत लोकांनी मत देऊन इलेक्टर निवडले, उरलेल्या ११ राज्यांत ते विधिमंडळाच्या हातात राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की १८०० ची जेफरसन विरुद्ध ॲडम्स लढत खरी लढली गेली ती एप्रिलमध्ये, न्यूयॉर्क शहरातल्या विधानसभेच्या जागांसाठी. पुस्तकांत ती एखाद्या परिच्छेदात उरकतात.

न्यूयॉर्ककडे १२ इलेक्टोरल मतं होती आणि दोन्ही सभागृहांनी मिळून ती ठरवायची होती. राज्याच्या बाकी भागात बलाबल जवळजवळ सारखं. शहर ज्याचं, विधिमंडळ त्याचं. जेफरसनने मार्चमध्येच आपल्या पक्षातल्या जेम्स मॅडिसनला लिहिलं होतं की न्यूयॉर्क शहराची निवडणूक आपल्या बाजूने गेली तर निकालही आपलाच. (तेव्हाच्या रिपब्लिकन पक्षाचा आजच्या रिपब्लिकन पक्षाशी संबंध नाही. हा जेफरसनचा पक्ष. समोर हॅमिल्टन-ॲडम्सचे फेडरलिस्ट.)

शहरात रिपब्लिकनांची सूत्रं होती ॲरन बरकडे. त्याची पत तेव्हा घसरलेली होती. १७९८ मध्ये पीतज्वराने शहरात थैमान घातलं होतं. त्या पार्श्वभूमीवर आमदार असलेल्या बरने स्वच्छ पाणी पुरवण्यासाठी म्हणून मॅनहॅटन कंपनीची सनद विधिमंडळातून मंजूर करून घेतली. त्यात एक कलम होतं: उरलेलं भांडवल कंपनी इतर कायदेशीर व्यवहारांत गुंतवू शकते. म्हणजे पाण्याच्या नावाखाली बँक. लोकांना ते कळलं तसा गदारोळ झाला आणि एप्रिल १७९९ च्या निवडणुकीत बर आणि त्याची अख्खी यादी आपटली. आजच्या जेपीमॉर्गन चेसची मुळं त्या कंपनीत आहेत.

वर्षभरात याच माणसाने डाव उलटवला. संपूर्ण शहर मिळून एकच मतदारसंघ होता आणि मतदाराने पूर्ण यादीला मत द्यायचं असे. बरने फेडरलिस्टांची यादी बाहेर पडेपर्यंत आपली नावं उघड केली नाहीत. त्यांची यादी फिकी निघाली, फारशी कोणाला माहीत नसलेली माणसं. मग बरने आपली मांडली: अनेक वर्षं गव्हर्नर राहिलेले जॉर्ज क्लिंटन, स्वातंत्र्ययुद्धातल्या साराटोगाच्या विजयाचे सेनापती होरेशिओ गेट्स, वकील ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन. म्हाताऱ्या क्लिंटनला आमदारकीत काडीचा रस नव्हता. जाहीरपणे नाव नाकारू नका, एवढ्यावर त्याला राजी केलं. स्वतः बर शहरातून उभाच राहिला नाही, तो ऑरेंज काउंटीतून निवडून आला. शहरातल्या मतदारांची नावनिशीवार यादी केली होती: कोण कुठल्या बाजूचा, कोणाकडून वर्गणी मिळेल, कोणाला मतदानाच्या जागेपर्यंत आणायला लागेल. जर्मन बोलणाऱ्या वस्तीत जर्मन बोलणारे कार्यकर्ते पाठवले. बरचं घर त्या दिवसांत कार्यकर्त्यांसाठी सताड उघडं होतं. खाणंपिणं चालू आणि झोपायला जमिनीवर गाद्या, अशी वर्णनं आहेत.

मतदान २९ एप्रिल ते १ मे असं तीन दिवस चाललं. हॅमिल्टन घोड्यावरून वॉर्डावॉर्डांत फिरत होता. एवढा मोठा माणूस स्थानिक आमदारांसाठी रस्त्यावर उतरला, यावरून ओळखा काय पणाला लागलं होतं. शहरातल्या सगळ्या जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. ७ मे रोजी हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिलं. जुन्या विधिमंडळाची मुदत अजून संपलेली नव्हती. त्याचं खास अधिवेशन बोलवा, कायदा बदला आणि इलेक्टर विभागवार लोकांच्या मतांनी निवडू द्या, म्हणजे १२ मतं फुटतील. असल्या काळात फार सोवळं राहून चालत नाही, असंही त्याने स्पष्ट लिहिलं. अगदी हीच विभागवार पद्धत काही आठवड्यांपूर्वी रिपब्लिकनांनी सुचवली होती आणि फेडरलिस्टांनीच ती फेटाळली होती!

जॉन जे स्वतः फेडरलिस्ट. त्यांच्याच पक्षाचं देशातलं सरकार जाणार होतं. त्यांनी अधिवेशन बोलावलं नाही. पत्रावर शेरा मारला की पक्षाच्या सोयीसाठी सुचवलेला हा उपाय आहे आणि तो स्वीकारणं मला शोभणार नाही, आणि पत्र ठेवून दिलं.

शेवटचे आकडे: जेफरसन ७३, बर ७३, ॲडम्स ६५. (तेव्हा प्रत्येक इलेक्टर दोन नावांना मत द्यायचा, म्हणून जेफरसनच्याच पक्षाच्या बरलाही तेवढीच.) न्यूयॉर्कची १२ मतं इकडून तिकडे टाकून पाहा: ॲडम्स ७७, जेफरसन ६१.

---

खडूफळा

वाचनखूण साठवली. जॉन जे यांचं हे काम माहीत नव्हतं, सरन्यायाधीश म्हणूनच नाव ऐकलं होतं.

दोन शंका. मालमत्ता असेल तरच मत, अशी अट होती ना? मग गाडीवान, कारागीर, मजूर यांच्या मतांवर बर कसा जिंकला? आणि मतदान गुप्त होतं का? आमच्या नववीच्या वर्गात मुलं हे हमखास विचारतात.

---

नदीकाठ

खडूफळा, पहिल्या शंकेतच या निवडणुकीची मेख आहे. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेत दोन पायऱ्या होत्या. गव्हर्नर आणि राज्याच्या सिनेटसाठी मत द्यायचं तर १०० पौंडांची स्वतःची जमीनजागा हवी. विधानसभेला मात्र २० पौंडांची मालमत्ता पुरे, आणि तीही नसेल तर वर्षाला ४० शिलिंग भाडं भरणारा भाडेकरूही चाले. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारा सुतार गव्हर्नर निवडू शकत नव्हता, पण आमदार निवडू शकत होता. आणि आमदारांच्या मार्फत राष्ट्राध्यक्ष! बरने जोर लावला तो अशाच वस्त्यांवर.

गुप्त मतदानाचं राज्यागणिक वेगळं होतं. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियात कागदी चिठ्ठ्या होत्या. सरकारी छापील मतपत्रिका हा प्रकार मात्र कुठेच नव्हता. नावं लिहिलेली चिठ्ठी मतदार स्वतः आणायचा किंवा पक्षाचा माणूस हातात द्यायचा.

व्हर्जिनियात सगळं तोंडी. निवडणुकीच्या दिवशी काउंटीच्या कचेरीसमोर टेबल मांडायचं. शेरीफ बसलेला, कारकून वही उघडून तयार, आणि उमेदवार तिथेच समोर. मतदार पुढे येणार, शेरीफ विचारणार, मग त्याने सगळ्यांदेखत मोठ्याने नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार तिथल्या तिथे आभार मानणार. ज्याची तुमच्यावर उधारी आहे, ज्याच्या जमिनीच्या शेजारी तुमचं शेत आहे, असा माणूस समोर बसलेला असताना वेगळं नाव घेणं काय सोपं असेल? केंटकीत ही तोंडी पद्धत १८९१ पर्यंत टिकली.

त्यात दारू. मतदारांना पाजणं हा रिवाजच होता. वॉशिंग्टन १७५८ मध्ये वसाहतीच्या सभागृहासाठी उभा राहिला, तेव्हा त्याच्या वतीने रम, पंच, वाइन, बिअर, सायडर मिळून दीडशे गॅलनांच्या वर दारू वाटली गेली. १७७७ मध्ये तरुण जेम्स मॅडिसन व्हर्जिनियाच्या विधानसभेला उभा राहिला आणि त्याने पाजायला साफ नकार दिला. प्रजासत्ताकाच्या तत्त्वात हे बसत नाही, असं त्याचं म्हणणं. लोकांना तो शिष्टपणा वाटला. निवडून आला चार्ल्स पोर्टर, ज्याचा व्यवसायच दारूच्या गुत्त्याचा. पुढे ज्याला राज्यघटनेचा जनक म्हणू लागले, तो माणूस पाजलं नाही म्हणून पडला, हे मुलांना जरूर सांगा.

---

विश्वंभर

लेख माहितीपूर्ण आहे. पण "लोकांनी निवडलं" असं लिहिताना लोक म्हणजे कोण, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. साउथ कॅरोलिनाच्या १७९० च्या घटनेत आमदार होण्यासाठी काय अट होती? ५०० एकर जमीन आणि दहा गुलाम, किंवा कर्ज वजा जाता १५० पौंडांची स्थावर मालमत्ता. माणसं मालकीची असणं ही राज्यघटनेत लिहिलेली पात्रता! आणि समुद्रकाठच्या मोठ्या मळेवाल्यांच्या भागाला आतल्या डोंगरी भागापेक्षा कितीतरी जास्त जागा. ते १८०८ च्या दुरुस्तीपर्यंत चाललं. याच राज्याने इलेक्टर निवडायचा हक्क लोकांना १८६० पर्यंत दिला नाही, तो विधिमंडळानेच धरून ठेवला.

तुमच्या ७३ विरुद्ध ६५ मध्येही गुलामांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरून दक्षिणेला मिळालेली जादा मतं आहेत. ती काढली तर न्यूयॉर्क जिंकूनही जेफरसन हरतो. ज्यांना मत नाही, त्यांची डोकी मोजून त्यांच्या मालकाला जास्त मतं. ही बाजू तळटीप नव्हे.

---

नदीकाठ

विश्वंभर, पूर्ण सहमत, आणि जोडून आणखी एक. हा प्रवास सरळ वर जाणारा नव्हता. नॉर्थ कॅरोलिनात मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुष विधिमंडळाला मत देत होते. १८३५ मध्ये तो हक्क काढून घेतला. टेनेसीत १८३४ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये १८२१ च्या घटना परिषदेने गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ मोडीत काढली आणि कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरची अट घातली. गरीब गोऱ्याला मत मिळालं त्याच बैठकीत काळ्याचं गेलं. "मताधिकार वाढत गेला" असं पाठ्यपुस्तकी वाक्य वाचलं की माझा संताप होतो.

---

उमा_एडिसन

हक्क काढून घेण्यावरून लिहायलाच हवं. मी न्यू जर्सीत राहते आणि इथे तीस वर्षं बायका विधिमंडळाला मत देत होत्या, हे इथल्या कितीतरी मराठी मैत्रिणींना ठाऊक नाही.

न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मतदार म्हणजे ५० पौंडांची मालमत्ता असलेले "सर्व रहिवासी". पुरुष असं कुठेही लिहिलेलं नाही, गोरे असंही नाही. १७९० च्या निवडणूक कायद्यात काही काउंट्यांपुरतं "तो किंवा ती" असं स्पष्ट आलं आणि १७९७ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झालं. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे प्रत्यक्षात मत होतं ते अविवाहित बायका आणि विधवा यांना. तरी होतं!

१७९७ मध्ये एसेक्स काउंटीत विधिमंडळाच्या जागेसाठी जॉन काँडिक्ट आणि विल्यम क्रेन अशी लढत होती. काँडिक्ट न्यूअर्कच्या बाजूचा, रिपब्लिकन. क्रेन एलिझाबेथटाऊनचा, फेडरलिस्ट. क्रेनच्या माणसांनी शेवटच्या घटकेला एलिझाबेथटाऊनमधल्या बायकांना मतदानाला आणलं. काँडिक्ट थोडक्यात वाचला आणि त्यानंतर वर्तमानपत्रांत बायकांच्या मताची चर्चा, टवाळी सगळं सुरू झालं. एलिझाबेथटाऊन म्हणजे आजचं एलिझाबेथ, आमच्या इथून न्यूअर्कला जाताना लागतं.

मग १८०७. त्या वर्षी फेब्रुवारीत एसेक्स काउंटीची नवी कचेरी न्यूअर्कला बांधायची की एलिझाबेथटाऊनजवळ, यावर मतदान झालं. इरेला पेटून दोन्ही बाजूंनी इतकी बोगस मतं टाकली की पात्र मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली. पुरुष आणि पोरगे बायकांचे कपडे घालून पुन्हा पुन्हा मत देऊन आले, अशाही तक्रारी झाल्या. निकाल रद्द करावा लागला. आणि नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने गैरप्रकार थांबवायचे म्हणून कायदा केला: यापुढे मत फक्त कर भरणाऱ्या स्वतंत्र गोऱ्या पुरुषांना. लबाडी केली पुरुषांनी, मत गेलं बायकांचं आणि कृष्णवर्णीयांचं. त्याच कायद्याने गोऱ्या पुरुषांसाठी मात्र ५० पौंडांची अट नावापुरती उरली, कर भरला की झालं.

फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाने काही वर्षांपूर्वी त्या काळच्या मतदानाच्या वह्या शोधून काढल्या. त्यांत दीडशेहून जास्त बायकांची नावं सापडली. नुसत्या कायद्याच्या ओळीपेक्षा त्या याद्या बघताना वेगळंच वाटतं, कारण बायका खरोखर घराबाहेर पडून मत देऊन आल्या, याचा तो लेखी पुरावा आहे.

---

पायवाट

उमाताई, जबरदस्त प्रतिसाद. "गैरप्रकार थांबवण्यासाठी" मतदारच कमी करायचे!

मॅसॅच्युसेट्सबद्दल माझ्याकडून. १८१२ च्या फेब्रुवारीत रिपब्लिकन गव्हर्नर एल्ब्रिज गेरीने राज्य सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याला स्वतःला तो फारसा पसंत नव्हता म्हणतात, पण सही केली. एसेक्स काउंटीत (ही मॅसॅच्युसेट्सची, उमाताईंची नव्हे) फेडरलिस्ट गावं एकत्र कोंबून भोवतीने एक लांबट वळसा काढला. बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्या नकाशाला पंख आणि नखं काढून राक्षस बनवला, तिथूनच गेरीमँडर, म्हणजे पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणं, हा शब्द. व्यंगचित्र सगळ्यांना माहीत असतं, त्यामागचे आकडे कोणी सांगत नाही. एप्रिल १८१२ मध्ये राज्य सिनेटसाठी फेडरलिस्टांना मिळाली ५१,७६६ मतं, रिपब्लिकनांना ५०,१६४. जागा? फेडरलिस्ट ११, रिपब्लिकन २९.

त्याच वेळी गव्हर्नरपदाला गेरी हरला, कारण तिथे मतदारसंघ आखायची सोय नव्हती, सगळ्या राज्याची मतं एकत्र मोजली जायची. कनिष्ठ सभागृहही फेडरलिस्टांकडे गेलं. म्हणजे एकाच निवडणुकीत, त्याच मतदारांचा, दोन ठिकाणी एक निकाल आणि राज्य सिनेटमध्ये नेमका उलटा. सभागृह कसं रचलंय त्यावर सगळं.

---

खडूफळा

नदीकाठ, आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, तसंच तिथे होतं का? दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर काय व्हायचं?

---

नदीकाठ

मूळ कल्पना तीच, पद्धत वेगळी. आपल्याकडे फक्त विधानसभेचे आमदार मत देतात, विधानपरिषदेला त्यात मत नाही, आणि पसंतीक्रमाने मतदान होतं. त्यामुळे कोंडी होत नाही. तिथे दोन्ही सभागृहं लागायची, आणि निवड कशी करायची हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवायचं. जमलं नाही की जागा रिकामी. १७८९ मध्ये न्यूयॉर्कची विधानसभा आणि राज्य सिनेट पद्धतीवरच भांडत बसली. परिणाम असा, की वॉशिंग्टनला निवडणाऱ्या पहिल्या निवडणुकीत न्यूयॉर्कने मतच दिलं नाही. आणि देशाची राजधानी तेव्हा न्यूयॉर्क शहरच होती! त्यांचे दोन सिनेटर, रूफस किंग आणि फिलिप स्कायलर, थेट जुलैमध्ये सभागृहात पोचले.

१८०० मध्ये पेनसिल्व्हेनियात हीच गत झाली. कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांचं, पण राज्य सिनेट फेडरलिस्टांकडे, १३ विरुद्ध ११. सिनेटने एकत्र बसून मतदान करायला नकार दिला. शेवटी तडजोड: ८ इलेक्टर रिपब्लिकन, ७ फेडरलिस्ट. राज्यात जनमत जेफरसनकडे झुकलेलं असताना १५ मतांतून त्याला निव्वळ एका मताचा फायदा.

---

पायवाट

हे सगळे गावनिहाय आकडे आपल्याला मिळतात कुठून, तेही सांगायला हवं. त्या काळच्या राज्यांच्या निवडणुकांचे निकाल एका जागी नव्हतेच. फिलिप लँपी नावाच्या गृहस्थांनी जुनी वर्तमानपत्रं आणि हस्तलिखितं चाळून, काउंटी काउंटीचे, गावागावांचे आकडे हाताने उतरवून घेतले. काही दशकं हेच काम. त्यांचा संग्रह वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत आहे आणि टफ्ट्स विद्यापीठाच्या मदतीने तो आता सगळ्यांना फुकट पाहता येतो, १७८७ ते १८२५ पर्यंतचा. १८२४ आधी अनेक राज्यांत राष्ट्राध्यक्षापेक्षा गव्हर्नर-आमदारांच्या निवडणुकीला लोक जास्त संख्येने बाहेर पडायचे. ते आकड्यांनी तपासायचं असेल तर आता त्यातलं एखादं गाव धरून सलग वर्षं बघता येतात.

---

उमा_एडिसन

पायवाट, धन्यवाद. त्यात एसेक्स काउंटी, न्यू जर्सी, १७९७ आधी शोधते. एलिझाबेथटाऊनचे आकडे मिळाले तर याच धाग्यात टाकते.